नवजात बाळाची आकडी की नुसती थरथर?

प्रश्न : आमचं बाळ 9 दिवसांचं आहे. झोपेत त्याचे हात मध्येच उडतात, रडताना हनुवटी थरथरते. ही आकडी असेल का?

उत्तर : बहुधा नाही. बाळ जागं असताना थरथरणारा हात हलकेच मुडपून धरा. साधी थरथर लगेच थांबते, आकडीचे झटके मात्र धरलेल्या हातातही जाणवत राहतात. झोपेतल्या झटक्यांना हात धरू नका, त्याने ते उलट वाढू शकतात. बाळाला जागं करा; जागं होताच थांबले तर काळजी नको. पण थरथर वारंवार होत असेल तर रक्तातली साखर आणि कॅल्शियम तपासून घ्या.

खरी आकडी या वयात सहसा फसवी असते. सगळं अंग जोरात झटकण्याइतका मेंदू अजून पक्व नसतो. डोळे एका बाजूला खिळणं, पापण्या फडफडणं, उगाचच चघळणं, सायकल मारल्यासारखे पाय हलणं, श्वास थांबून निळं पडणं, यातलं काही दिसलं तर बाळाला कुशीवर करा, वेळ बघा, जमल्यास मोबाइलवर चित्रण करा. तोंडात काही घालू नका, दूधही नाही. आकडी थांबली तरी तडक रुग्णालय गाठा.

प्रश्न : माझ्या भाचीला पहिल्याच दिवशी आकडी आली. डॉक्टरांनी औषधाआधी साखर तपासली. हा उशीर नव्हता का?

उत्तर : नाही, क्रम तोच हवा. श्वास आणि ऑक्सिजन सांभाळला की लगेच साखर. ती कमी असताना आकडीचं औषध देऊन मूळ कारण तसंच राहतं, आणि मेंदूची हानी चालूच राहते. कमी असेल तर 10 टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण), किलोमागे 2 मिली, शिरेतून, मग ठिबक. कॅल्शियम कमी असेल तर तेही शिरेतून, पण अगदी सावकाश आणि हृदयाचे ठोके बघत. शिरेबाहेर गळलं तर कातडी जळते.

त्यानंतरही आकडी राहिली तर फेनोबार्बिटोन हे आकडीचं औषध, किलोमागे 20 मिलिग्रॅम, साधारण 20 मिनिटांत. म्हणजे 3 किलोच्या बाळाला 60. श्वास मंदावू शकतो, म्हणून पाळत हवी. या औषधानंतर हातपाय शांत होतात, तरी मेंदूत आकडी चालू असू शकते. ते फक्त ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीत दिसतं, म्हणून सोय असेल तिथे तो आग्रहाने करून घ्यावा.

पहिल्या दिवशीच्या आकडीचं सर्वांत मोठं कारण म्हणजे जन्मावेळी मेंदूला ऑक्सिजन कमी पडणं. जंतुसंसर्ग, रक्तस्राव हेही तपासावं लागतं. कारण तात्पुरतं असेल आणि आकडी थांबली असेल, तर औषध बहुधा घरी सोडण्यापूर्वीच बंद करता येतं. भाची अजून औषधावर असेल तर ते का चालू ठेवलंय, हे डॉक्टरांना जरूर विचारा. स्वतःहून मात्र बंद करू नका.