डिसेंबरच्या सहलीसाठी मुदत ठेव मोडावी का?

पिंपरीच्या एका वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ सहकुटुंब अमेरिकेतून २० डिसेंबरला येतोय, ४ जानेवारीला परतणार. भावाचं, ताईंचं आणि मैत्रिणीचं अशी तीन घरं, शिवाय आई-बाबा, मिळून १४ जण २७ डिसेंबर ते १ जानेवारी गोव्यात व्हिला घेऊन राहायचं म्हणताहेत. सहलीसाठी बाजूला ४८,००० रुपये आहेत. उरलेल्या रकमेसाठी ३ लाखांची मुदत ठेव मोडावी, वैयक्तिक कर्ज घ्यावं की ‘नो-कॉस्ट ईएमआय’? घरकर्जाच्या हप्त्यासह महिन्याचा खर्च ६५,००० आणि शिल्लक जेमतेम ८,००० रुपये.

ताई, भाऊ इतक्या वर्षांनी सगळ्यांसोबत राहणार आहे, तेव्हा जायलाच हवं. पण ही ठेव तुमचा अडीअडचणीचा निधी आहे. साडेचार महिन्यांच्या खर्चापुरतीच ती आहे, त्यामुळे तिला हात लावू नका. कर्जही नको. सहलीचा आराखडा बदला.

आधी तुमचाच हिशेब पुरा करू. व्हिला रोज ३२,००० प्रमाणे पाच रात्रींचे १,६०,०००, जेवणखाण १,०५,०००, प्रवास आणि तिथली वाहनं ६०,०००. ही बेरीज ३,२५,००० होते आणि तिसरा हिस्सा १,०८,००० येतो. यात जीएसटी धरलेला नाही. भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर गेलं की कर १८ टक्के, म्हणजे २८,८०० रुपये आणखी. आता तुमचा वाटा १,१८,००० झाला. ऐनवेळच्या खर्चासाठी दहा टक्के ठेवा, की तो १,३०,००० वर जातो. व्हिलावाले मागतात ती अनामत वेगळी. ती परत मिळते, पण तेवढे दिवस कुणाचे तरी पैसे अडकतात. म्हणजे ४८,००० वजा जाता तुम्हाला कमी पडतात ते आधीच्या हिशेबाचे ६० हजार नाही, ८२ हजार.

आता ते उभे करण्याचे मार्ग. ८०,००० रुपयांचं वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता सुमारे ३,८४० रुपये. व्याज १२,००० च्या पुढे जातं. प्रक्रिया शुल्क २ टक्के आणि त्यावरचा जीएसटी धरला तर सहल १४,००० रुपयांनी महागते. खरी अडचण हप्त्याची आहे. आठ हजारांच्या शिल्लकीतून निम्मी रक्कम दोन वर्षं जात राहील, आणि मधे शाळेची फी किंवा गाडीचा विमा आला की क्रेडिट कार्ड बाहेर निघेल.

ठेव मोडण्याचा खर्चही नीट पाहा. ७ टक्क्यांची वर्षभराची ठेव मार्चमध्ये पुरी होतेय. डिसेंबरमध्ये मोडली तर बँक ७ टक्के देणार नाही. नऊ महिन्यांच्या ठेवीला जो दर होता तो लावून त्यातून दंड कापेल. तो दर ६ आणि दंड १ टक्का धरला, तर हाती ५ टक्के येतात. एकाच पावतीवर पूर्ण ३ लाख असतील तर ८० हजारांसाठी सगळ्या रकमेवरचं व्याज घटतं, म्हणजे साधारण ४,५०० रुपयांचा फटका. अगदीच गरज पडली तर त्याच ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव तारण ठेवून बँकेकडून उचल, घ्या. दर ठेवीपेक्षा एखाद-दोन टक्के जास्त असतो. तीन महिन्यांसाठी ८० हजारांवर ८ टक्क्यांनी १,६०० रुपये व्याज होतं आणि ठेव जागची हलत नाही. मात्र मार्चमध्ये ते फेडायला पैसे कुठून येणार, हे आधी ठरलेलं हवं.

‘नो-कॉस्ट’ हप्त्यात व्याजाएवढी सूट किमतीत देतात, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि शुल्क तुमच्याच माथी येतं. बुकिंग रद्द झालं तर हे पैसे सहसा परत मिळत नाहीत. तुमच्या यजमानांच्या एलटीएवरही, म्हणजे नोकरीतल्या रजा प्रवास भत्त्याच्या करसवलतीवरही, भिस्त ठेवू नका. ती सवलत फक्त प्रवासभाड्याला आहे, राहण्याच्या खर्चाला नाही, आणि नव्या करप्रणालीत ती मुळीच मिळत नाही.

मला पटणारा आराखडा असा: २६ ते २९ डिसेंबर दिवेआगर, ताम्हिणी-माणगावमार्गे. ३१ तारीख आपल्या घरी. त्या एका रात्रीसाठी गोव्यात भाडी चढतात, किमान चार-पाच रात्रींची अट घालतात आणि बऱ्याच हॉटेलांत ३१ च्या जेवणाचे पैसे सक्तीने घेतात. आई-बाबांना त्या गर्दीत काही गोडीही नाही, असं तुम्हीच लिहिलं आहे. दिवेआगरला घरगुती निवास आहेत, जेवण तिथेच मिळतं, सकाळी आधी सांगितलं तर उकडीचे मोदकही होतात. पाच खोल्या ३,५०० रुपयांनी तीन रात्री घेतल्या तर ५२,५००, त्यावर ५ टक्के कर धरून ५५,१२५. जेवण माणशी रोज ९०० प्रमाणे ३७,८००.

गाडीचा हिशेब इथे फसतो. १७ आसनी टेम्पो ट्रॅव्हलरवाले दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात. जाऊन-येऊन आणि श्रीवर्धन-हरिहरेश्वर फिरून तुमचे साडेचारशेच होतील, पण चार दिवसांचं बिल १,२०० किलोमीटरचं लागेल. किलोमीटरला २६ रुपये आणि चालकाचा रोजचा ५०० रुपये भत्ता धरला तर ३३,२००. तुमची आणि मैत्रिणीची गाडी काढून तिसरीच तेवढी भाड्याने घेतली तर हा आकडा बराच खाली येईल. टोल, पार्किंग आणि चालकाची राहण्याची सोय कोणाकडे, हे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या.

टेम्पोसह आणि दहा टक्के वरखर्च धरून एकूण १,३८,७०० रुपये, म्हणजे माणशी ९,९००. वाटणी घरागणिक करू नका, माणसागणिक करा. आई-बाबांचा खर्च तुम्ही आणि भाऊ निम्मानिम्मा घ्या. तुमच्याकडे चार अधिक एक अशी पाच माणसं, म्हणजे ४९,५००. जमवलेल्या पैशांपेक्षा दीड हजार जास्त, तेवढे नोव्हेंबरच्या शिल्लकीतून निघतील.

भाऊ कदाचित म्हणेल, “सगळं मी देतो.” सख्ख्या भावाकडून आलेल्या रकमेवर तुम्हाला कर लागत नाही, पण मैत्रिणीला त्यात अवघड वाटेल. भावाला ३१ चं घरचं जेवण आणि मुलांच्या भेटी सोपवा. मैत्रिणीने तिचा वाटा तुमच्या खात्यात पाठवताना यूपीआयच्या टिपेत ‘दिवेआगर खर्च वाटा’ असं लिहायला सांगा, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर ती भेट नव्हे, खर्चाची परतफेड होती हे दाखवता येईल.

खोल्या दिवाळीआधीच ठरवा, कारण तो आठवडा किनाऱ्यावर सगळीकडे भरतो. आगाऊ रक्कम पाव भागापेक्षा जास्त देऊ नका, आणि रद्द केल्यास किती परत मिळणार ते संदेशावर लिहून घ्या. समाजमाध्यमावरचे फोटो पाहून अनोळखी क्यूआर कोडवर पैसे पाठवू नका. आधी त्या निवासाच्या ठिकाणी फोन करा, गावातल्या दुसऱ्या कुणाकडून जागेची खात्री करून घ्या. फसवणूक झालीच तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा, उशीर झाला की पैसे थांबवणं कठीण होतं.