शेजारच्या जिनिंगचे (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचे) फ्लडलाइट रात्रभर घरात येतात, तक्रार कुठे करायची?

प्रकाश प्रदूषणासाठी आपल्याकडे आवाजासारखे वेगळे नियम नाहीत, त्यामुळे थेट कलम दाखवता येत नाही. पण मार्ग आहेत.

आधी मालकाला भेटा, दिवे बंद करा म्हणू नका. कापसाच्या गंजीला आगीची आणि चोरीची भीती असते, तो ऐकणार नाही. दिव्याचं तोंड फिरवायला सांगा. बहुतेक ठिकाणी फ्लडलाइट आडवा लावलेला असतो, म्हणून अर्धा उजेड कंपाउंडबाहेर जातो. तो सरळ खाली वळवला, वर पत्र्याची टोपी बसवली, पांढऱ्याऐवजी 3000 केल्विनचा पिवळसर एलईडी लावला, की काम होतं. वेल्डिंगवाला अर्ध्या दिवसात करून देतो. शिवाय उजेडावर गुलाबी बोंडअळीचे पतंग येतात, हे कापूसवाल्याला वेगळं सांगायला नको!

नाहीच ऐकलं तर ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, रात्रीचे फोटो जोडा. त्रास पूर्ण वस्तीला असेल तर सगळ्यांच्या सह्यांनिशी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जा. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली देऊ शकतात. एकट्याच्याच घराचा प्रश्न असेल तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागावा लागतो, पण तारखांचा फेरा तुम्हाला माहीतच आहे.

मालक म्हणालाच की असं कुठं असते का, तर पेंच व्याघ्र प्रकल्पाचं नाव सांगा. 2024 मध्ये तो देशातला पहिला डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आकाश कृत्रिम उजेडापासून जपणारं क्षेत्र झाला, तेव्हा सिल्लारी, खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे असेच खाली तोंडाचे केले. गावं काही अंधारात गेली नाहीत.