डेकमधलं तिसरं पान काढून टाक

अनेक आशीर्वाद.

संगीतातून मनःस्वास्थ्य देणाऱ्या तुझ्या नव्या कंपनीची डेक, म्हणजे इन्व्हेस्टरना दाखवायचं सादरीकरण, वाचली, सोबतचे आवाजाचे नमुनेही ऐकले. बासरीवाला कोण आहे? त्याला सोडू नकोस. आता मुद्द्याचं बोलतो. तिसऱ्या पानावरचा तो तक्ता, डावीकडे आजार, उजवीकडे राग, मधुमेहाला हा आणि रक्तदाबाला तो, आजच्या आज काढून टाक. शब्द सौम्य करून ठेवू नकोस, पूर्णच काढ.

रागांच्या वेळा, त्यांचे रस, त्यांची प्रकृती यांचं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चिंतन झालंय आणि त्यावर माझा जीव आहे. पण भैरव पहाटे गावा ही परंपरा आहे. भैरवाने साखर उतरते हा दावा आहे, आणि दावा केला की पुरावा द्यावा लागतो. तो तुझ्याकडे नाही. शिवाय १९५४ चा औषधे आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा कायदा मधुमेह, रक्तदाब, कर्करोग अशा आजारांची यादीच देतो आणि 'जादुई उपाया'त ताईत, कवच यांच्याबरोबर मंत्रही धरतो. गाण्याला तो लागतो की नाही यावर वकील भांडतील. पहिल्या वर्षात ते भांडण परवडण्याइतके पैसे तुझ्याकडे नाहीत.

या धंद्यात दावा कसा फुगतो ते पाहायचं असेल तर 'मोत्सार्ट इफेक्ट'ची गोष्ट वाच. १९९३ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात एक छोटासा लेख आला. कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांनी दहा मिनिटं मोत्सार्ट या युरोपीय संगीतकाराची पियानोवरची रचना ऐकली आणि मग आकृत्यांची कोडी सोडवली. गुण थोडे वाढले, आणि तो परिणाम पंधराएक मिनिटांत ओसरलाही. त्यात तान्ह्या बाळांचा संबंधच नव्हता. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीत देण्यासाठी बजेटमध्ये तरतूद मागितली. पुढच्या अभ्यासांत दिसलं ते इतकंच, की आवडतं काहीही ऐकून माणूस तरतरीत झाला की कोडी जरा बरी सुटतात.

मग तू काय करावंस? एकच माणूस निवड आणि त्याचा एकच तास निवड. 'सर्वांसाठी मनःस्वास्थ्य' हे काम सरकारचं, तुझ्या चौघांच्या टीमचं नव्हे. अमेरिकेत मेन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये मेडरिदम्स नावाची कंपनी आहे. पक्षाघातानंतर माणसाची चाल सुधारायची, एवढंच तिने धरलं. बुटावर सेन्सर, कानात संगीत, आणि पावलांप्रमाणे बदलत जाणारा ठेका. लयीला पाऊल जोडलं की चाल सुधारते हे संशोधक मायकेल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकातच दाखवलं होतं. कंपनीने ते मोजण्याजोगं केलं, म्हणून २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, त्या उपकरणाला 'ब्रेकथ्रू' दर्जा दिला. लंडनमध्ये इंग्लिश नॅशनल ऑपेराने कोविडनंतर दम लागणाऱ्यांसाठी गाण्यातून श्वासाचे वर्ग घेतले. तिथेही एकच गट आणि एकच तक्रार होती.

तुझ्यासाठी मला ऑपरेशनआधीचा तास योग्य वाटतो. वैद्यकीय प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात ऑपरेशनआधीच्या भीतीवरचे २६ प्रयोग आणि २,०५१ रुग्ण एकत्र पाहिले गेले. २० ते ८० च्या मोजपट्टीवर संगीत ऐकलेल्यांची भीती सरासरी पाच-सहा गुणांनी कमी निघाली. फार नाही, पण आहे. कानात गाणं आहे हे रुग्णाला कळतंच, त्यामुळे असे प्रयोग पूर्ण निर्दोष होत नाहीत, हेही इन्व्हेस्टरला तूच आधी सांग.

आता ती खोली डोळ्यांपुढे आण. माणूस रात्रीपासून उपाशी, अंगात हॉस्पिटलचा गाऊन, चष्मा आणि मोबाइल काढून घेतलेले, नातेवाईक दाराबाहेर. तो तुझं ॲप कसं उघडणार? म्हणजे तुला ॲप नकोच आहे. सिस्टरला एका बटणात सुरू करता येईल असा प्लेअर हवा, दर रुग्णाला बदलता येणारी हेडफोनची खोळ हवी, आणि नाव पुकारलं तर ऐकू येईल इतकाच आवाज हवा. सिस्टरचं काम दोन मिनिटांनी वाढलं तर ते यंत्र आठवड्याभरात कपाटात जाईल. संगीत रुग्णाच्या आवडीचं हवं. सांगलीहून आलेल्या आजींना तुमची यमनची आलापी नको असते, त्यांना हरिपाठ हवा असतो. रिक्षा चालवणाऱ्या पोराला जुनी हिंदी गाणी हवी असतात.

इथेच हक्कांचा प्रश्न येतो, आणि तुझ्या डेकमध्ये त्यावर एक ओळही नाही. जुनं गाणं म्हणजे फुकट गाणं नव्हे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. गीत आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. हॉस्पिटलमध्ये सिनेमाची गाणी वाजवायची तर परवाने घ्यावे लागतील आणि ते स्वस्त नसतात. हरिपाठाचे शब्द ज्ञानदेवांचे, त्यावर कुणाचा हक्क नाही. पारंपरिक चालीत स्वतःच्या गायकांकडून नव्याने मुद्रित करून घे. आणि त्या गायकांशी करार कर, लेखी. 'एक्स्पोजर मिळेल' हे वाक्य तुझ्या ऑफिसात कुणाच्या तोंडून निघता कामा नये. मन:शांती विकणाऱ्या कंपनीने तबलजीचं मानधन सहा महिने रखडवायचं, असले प्रकार मी पाहिले आहेत आणि मला त्यांची चीड आहे.

रिटेन्शनचा, म्हणजे किती लोक ॲप वापरत राहतील याचा, आलेखही बाजूला ठेव. २०१९ च्या एका अभ्यासात मानसिक आरोग्याच्या ९३ ॲप्सचा प्रत्यक्ष वापर तपासला. तिसाव्या दिवशी ॲप उघडणाऱ्यांचं मध्यक प्रमाण ३.३ टक्के निघालं. तुझा चाळीस टक्क्यांचा अंदाज कुणीही अनुभवी माणूस वाचून हसेल. ऑपरेशनआधीच्या एका तासाच्या सेवेत हा प्रश्नच येत नाही. रुग्ण परत आला नाही तर बरंच आहे, हॉस्पिटल परत यायला हवं.

टीमचं थोडक्यात सांगतो. चांगला गवई म्हणजे थेरपिस्ट नव्हे, हे दोघांना वेगवेगळा पगार देऊन मान्य कर. रुग्णाची माहिती घेणार असशील तर २०२३ चा डेटा संरक्षण कायदा वाच. त्यातला दंड २५० कोटींपर्यंत जातो. उपचाराचा दावा करणारं सॉफ्टवेअर २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या नियमांत येतं, तेव्हा माहितीपत्रकातलं प्रत्येक क्रियापद तपासून घे. आणि एखादा माणूस 'जगावंसं वाटत नाही' म्हणाला तर त्याला प्लेलिस्ट द्यायची नाही. शेजारी थांबायचं, डॉक्टरांना बोलवायचं आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावून द्यायचा. हे तुझ्या सेल्सच्या मुलालाही पाठ हवं.

पायलटआधी, म्हणजे हॉस्पिटलमधल्या पहिल्या छोट्या प्रयोगाआधी, हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीची परवानगी घे आणि अभ्यासाची नोंद सीटीआरआय या वैद्यकीय प्रयोगांच्या राष्ट्रीय नोंदवहीत पहिल्या रुग्णाच्या आधी कर, नंतर नव्हे. निम्म्या रुग्णांना नुसते हेडफोन दे, गाणं न लावता; शांततेचा परिणाम किती आणि संगीताचा किती हे त्याशिवाय कळणार नाही. माझ्या ओळखीच्या एक भूलतज्ज्ञ बाई आहेत, त्यांना तुझ्याबद्दल बोललो आहे. त्यांना भेट. सकाळची ऑपरेशनची यादी संपल्यावर, दुपारी दोननंतर जा. त्याआधी त्या कुणाशी धड बोलत नाहीत.

कळावे.