सोमवारी कामावर असताना देव जवळ आहे हे कसं जाणवेल?

जय ख्रिस्त.

तुम्ही लिहिलंय की पुण्यात कॉल सेंटरला आहात, शिफ्ट सारख्या बदलतात आणि महिन्यातले निम्मे रविवार चुकतात. चर्चमध्ये गाणी सुरू झाली की प्रभू अगदी जवळ वाटतो, पण कामावर हेडफोन डोक्याला लागला की सगळं कोरडं. प्रार्थना सभेत इतर जण साक्ष देतात, "प्रभू माझ्याशी बोलला," आणि तुम्हाला वाटतं, आपल्याच विश्वासात काहीतरी कमी असेल. मी मिरजेला नर्सिंग शिकले आणि निवृत्त होईपर्यंत शिफ्टमध्येच काम केलं. म्हणून हा प्रश्न माझाही आहे असं समजून लिहिते.

सगळ्यात आधी एक ओझं उतरवून ठेवा. प्रभू तुमच्याबरोबर आहे की नाही, हे तुमच्या मनाला त्या घडीला काय वाटतं यावर ठरत नाही. मत्तयाचं शुभवर्तमान संपतं तेच त्याच्या वचनावर, की मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे. त्या सर्व दिवसांत तुमची नाइट शिफ्टही आली. चर्चमध्ये जे जाणवतं ते खोटं नाही बरं का. सगळी मंडळी एका सुरात गाते, हातातलं काम बाजूला असतं, मन मोकळं होतं, आणि अशा वेळी देव मनाला स्पर्श करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण तीच भावना कामावर शोधत बसलात, तर दिवसभर स्वतःच्याच मनाची नाडी धरून बसाल आणि देवाकडे बघणं राहून जाईल. भावना आली तर आभार माना. नाही आली तरी त्याच्याशी बोला. माझं सगळं उत्तर खरं तर एवढंच आहे, पुढचं सगळं ते कसं करायचं याबद्दल.

रविवार चुकतो म्हणून तुम्ही स्वतःला दुय्यम ख्रिस्ती समजू नका. रविवारची सुट्टी ही येशूच्या काळापासून चालत आलेली गोष्ट नाही. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. 321 मध्ये रविवार विश्रांतीचा दिवस ठरवला. त्याआधी जवळजवळ तीनशे वर्षं ख्रिस्ती माणसं रविवारीही कामावर जात होती. इ.स. 112 च्या सुमारास बिथुनियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या एका भागाचा, रोमी सुभेदार प्लिनी याने सम्राट त्रायानला पत्र पाठवलं. त्यात तो लिहितो, ही ख्रिस्ती माणसं काय करतात, तर ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून गातात, चोरी करणार नाही, शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात, मग पांगतात आणि पुन्हा जेवायला एकत्र येतात. ही माहिती काढायला त्याने दोन दासींचा छळ केला. त्या दासी मंडळीच्या सेविका होत्या. मला त्या दोघींबद्दल फार आदर वाटतो. त्यांची नावंसुद्धा त्याने लिहिली नाहीत. उजाडायच्या आत प्रार्थना, नंतर दिवसभर मालकाच्या घरी राबणं. देव त्यांना फक्त त्या पहाटेच्या तासाला भेटत असता, तर छळासमोर त्या कशाच्या बळावर उभ्या राहिल्या असत्या?

पौलाने कलस्सैच्या मंडळीला लिहिलं, की जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. आपण हे वचन कॅलेंडरवर छापतो, भिंतीवर लावतो, पण ते कोणाला उद्देशून आहे ते पाहा. ते गुलामांना उद्देशून आहे. ज्यांचा वेळ स्वतःचा नाही, ज्यांना काम निवडता येत नाही, जेवायला कधी मिळेल ते दुसरा ठरवतो, अशांना पौल सांगतोय की तुमचा खरा धनी ख्रिस्त आहे. शिफ्टवाल्या माणसाने हे वचन हक्काने घ्यावं.

आता करायचं काय? मला नहेम्याचा फार उपयोग झाला. तो पारसच्या अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार, म्हणजे चाकरी करणारा माणूस. यरुशलेमेची वाईट बातमी कळल्यावर तो कित्येक दिवस उपास करून रडतो, प्रार्थना करतो. ती प्रार्थना लांब आहे, पहिल्या अध्यायात पूर्ण दिलीय. पण दुसऱ्या अध्यायात राजा त्याला कामावर असतानाच विचारतो, तुला काय हवं? तिथे नहेम्या लिहितो की मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला उत्तर दिलं. प्रश्न आणि उत्तर यांच्या मधे! डोळे मिटले नाहीत, गुडघे टेकले नाहीत, राजाला कळलंसुद्धा नाही. तुमच्या कामात तर अशा फटी दिवसभर मिळतात. एक कॉल संपतो आणि दुसरा लागतो त्यामधे, समोरचा माणूस त्याचा नंबर शोधत असतो तेव्हा, सिस्टीम अडकते तेव्हा. "प्रभू, या माणसाशी मला नीट बोलू दे." बस्स. वाक्य मोठं असायची गरज नाही.

माझी फट हात धुण्याची होती. वॉर्डात दोन पेशंटच्या मधे हात धुवावेच लागतात. आधी पाण्याचा आवाज, साबणाचा तो तिखट वास, तळव्याला तळवा, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. तेवढ्या वेळात पुढच्या पेशंटचं नाव मनातल्या मनात प्रभूजवळ घ्यायचं. नळ बंद केला की प्रार्थना संपली. ही सवय मला एका वयस्कर सिस्टरने लावली. त्या बोलल्या काहीच नव्हत्या, फक्त हात धुताना त्यांचे ओठ हलायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बाय, तेवढाच वेळ मिळतो." आजही घरी भाजी धुवायला नळ सोडला तरी कोणाचं ना कोणाचं नाव ओठावर येतं.

पक्षाघाताची एक आजी होती. दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. रात्री दोनची वेळ, आयाबाई एकीकडून आणि मी दुसरीकडून. चादर ओली झालेली. आजीला बोलता येत नव्हतं, पण वळवताना ती माझ्या बाहीचं टोक धरून ठेवायची. आम्ही पाठ पुसली, कोरडी केली, पावडर लावली, मधे उशी दिली. त्या वेळी माझ्या अंगावर रोमांच आले नाहीत, कसला प्रकाश दिसला नाही, पाय दुखत होते. पण मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू म्हणतो की या माझ्या लहानांतल्या एकासाठी जे केलं ते मला केलं, आणि मी ते जसंच्या तसं मानते. ती बाही कोणी धरली होती, याबद्दल मला शंका नाही. गंमत म्हणजे त्या अध्यायातल्या नीतिमानांनाही कळलेलं नसतं. ते विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? म्हणजे त्याची सेवा करताना काही न जाणवणं हे पवित्र शास्त्रातच लिहून ठेवलंय.

आणखी एक सांगते, कारण याबद्दल साक्ष देताना कोणी बोलत नाही. देवाची उपस्थिती नेहमी गोडच लागते असं नाही. नाइटला पहाटे सगळ्या वॉर्डाचं तापमान, नाडी, बीपी घेऊन चार्टवर लिहायचं असतं. पेशंट भरपूर, हात दोन, सकाळचा स्टाफ यायची वेळ झालेली. रात्रीचेच आकडे थोडे इकडेतिकडे करून लिहिण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, कोणाला कळतही नाही. पण देव समोर उभा आहे हे ज्याला आठवतं, त्याला न घेतलेलं बीपी लिहिता येत नाही. तो उठतो, दंडाला पट्टा गुंडाळतो. मला वाटतं, ही त्या उपस्थितीची सगळ्यात भरवशाची खूण आहे. तुमच्याकडेही असे चार्ट असतीलच. चिडलेल्या ग्राहकाला "वर कळवतो" सांगून कॉल बंद करायचा, की खरंच चौकशी करायची, तिथे प्रभू तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो.

फ्रान्समध्ये 17 व्या शतकात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा मठवासी होऊन गेला. मूळचा सैनिक, लढाईत जखमी होऊन पायाने अधू झालेला. पॅरिसच्या कार्मेल मठात त्याला स्वयंपाकघर दिलं, आणि स्वयंपाकाची तर त्याला मुळात नावड. भांड्यांचा खडखडाट, चार जण चार गोष्टी मागतायत, आणि तो सांगायचा की अशा गोंधळातही वेदीपुढे गुडघे टेकल्यावर असते तेवढीच शांती मला देवाजवळ मिळते. कढईतलं अंडं उलटायचं तेही देवाच्या प्रीतीसाठी. लोक त्याची ही शांती तेवढी सांगतात. त्याने एका पत्रात लिहिलंय की पहिली दहा वर्षं मी फार सोसलं. मन भरकटलं की स्वतःला शिव्या न देता परत देवाकडे वळायचं, पुन्हा भरकटलं, पुन्हा वळायचं, एवढीच त्याची रीत. तुम्ही किती दिवस करून पाहिलंत ते लिहिलेलं नाही, पण आठवड्याभरात काही झालं नाही म्हणून सोडू नका.

आपल्याकडचंच पाहायचं तर पुण्याहून दौंडच्या लोकलने केडगावला उतरा, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. तिथल्या मुली माग चालवायच्या, शेती बघायच्या, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायच्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्याच छापखान्यात छापलं गेलं. प्रार्थनेसाठी जगभर गाजलेली ती जागा, आणि दिवस सगळा कामाचा.

रात्री झोपण्याआधी पाच-दहा मिनिटं दिवसाकडे मागे वळून बघा. इग्नेशियस लोयोला या संताने आपल्या जेझुइट संघातल्या बंधूंना ही सवय दिवसातून दोनदा लावून दिली, आणि आपल्या वसईकडच्या कॅथलिक मित्रमैत्रिणींना ती ठाऊक असेल. आम्ही प्रोटेस्टंट, पण मी ती मनापासून उचलली. आज कशाबद्दल आभार मानावेत? कुठे मी प्रभूबरोबर होते, कुठे पाठ फिरवली? उद्या कोणाला भेटायचंय, त्यासाठी काय मागू? एवढंच. याचं कारण अम्माऊसच्या वाटेवर सापडतं. दोन शिष्य उठलेल्या प्रभूबरोबर मैलोन्मैल चालले, त्याच्याशी बोलले, आणि ओळखलंच नाही. भाकर मोडली तेव्हा डोळे उघडले, आणि मग म्हणाले, वाटेवर तो बोलत होता तेव्हा आपलं अंतःकरण पेटत नव्हतं का? बहुतेक वेळा ओळख अशी मागाहूनच पटते. कॉल चालू असताना काही जाणवणार नाही. रात्री आठवेल की तो रडणारा म्हातारा ग्राहक, आणि त्याच्याशी मी कधी नव्हे इतक्या शांतपणे बोललो. ते बळ कुठून आलं?

आणि कोरडेपणा महिनोन्‌महिने राहिला, झोप उडाली, जेवण जात नसेल, तर त्याला विश्वासाची कमतरता म्हणू नका. एलीया झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं. रात्रपाळी शरीराला पोखरते हे मी जवळून पाहिलंय. नीट झोपा, गरज वाटली तर डॉक्टरांकडे जा. तोही देवाचाच मार्ग आहे.

साक्षींबद्दल एवढंच, की दुसऱ्याच्या साक्षीने आनंदित व्हा, पण तिने स्वतःला मोजू नका. मनात आलेला प्रत्येक विचार देवाचा आवाज नसतो, तो वचनाशी ताडून बघावा, आणि मोठा निर्णय असेल तर मंडळीतल्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारावं.

राहिलं चर्च. वरचं सगळं चर्चला पर्याय म्हणून लिहिलेलं नाही. प्लिनीच्या पत्रातली ती माणसं पहाटे जमत होती म्हणूनच दिवसभर टिकत होती. पुण्यात काही मंडळ्यांची संध्याकाळचीही उपासना असते, तुमच्या जवळपास चौकशी करा. रविवार जमतच नसेल तर मधल्या वारी कोणाच्या घरी प्रार्थना असते ते विचारा. आणि पुढच्या महिन्याचं शिफ्टचं वेळापत्रक हातात आलं की पाळकसाहेबांना फोन करून सांगा, या-या रविवारी मी येऊ शकत नाही. आजाऱ्यांना ते घरी जाऊन प्रभुभोजन देतातच, तुमच्यासाठीही काहीतरी वाट काढतील. आमच्या वॉर्डात आमचे पाळक ड्युटी संपायच्या वेळेला येऊन थांबायचे.