बोलणं स्वच्छ, मग फॅक्सच का तुटतो?

प्रश्न : सातपूर एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं छोटं युनिट आहे. रस्त्याच्या खोदकामात तांब्याची लाइन सारखी तुटायची, म्हणून ती सोडून फायबर घेतलं आणि फोन इंटरनेटवरून चालवणारा व्हीओआयपी गेटवे बसवला. फोनवर आवाज अगदी स्वच्छ, पण फॅक्स अर्ध्या-पाऊण पानावर तुटतो. जपानमधलं आमचं एक गिऱ्हाईक ड्रॉइंगमधल्या दुरुस्त्या आजही फॅक्सनेच मागतं. सेवा देणाऱ्यांचा माणूस म्हणतो, मशीन जुनं झालंय, नवं घ्या. घ्यावं का?
— एक उद्योजक, सातपूर

उत्तर : एवढ्यावरून तरी घेऊ नका. कालपर्यंत तांब्यावर धडधडीत चालणारं मशीन फायबर आल्याबरोबर कसं म्हातारं होईल? सातपूर-अंबडमध्ये मी टेलिफोनची कामं करतो, तिथे हे उत्तर मला नेहमी ऐकू येतं. मशीन बदलायला सांगणं सोपं असतं, गेटवेच्या सेटिंगमध्ये शिरायला वेळ लागतो.

बोलताना गेटवे साधारण २० मिलिसेकंदांच्या आवाजाचं एकेक पॅकेट करून पाठवतो. ‘हॅलो’मधलं एखादं पॅकेट गळलं तरी कानाला पत्ता लागत नाही. फॅक्सच्या मॉडेमचा, म्हणजे पान सुरांत बदलून पाठवणाऱ्या भागाचा, सूर मात्र तेवढ्यानेही तुटतो. त्यात गेटवे जी.७२९ या कोडेकवर, म्हणजे आवाज आकड्यांत बसवायच्या पद्धतीवर, असेल तर विषयच संपला. तो कोडेक माणसाचा आवाज सेकंदाला ८ किलोबिटमध्ये दाबून बसवतो, त्यातून फॅक्सचा सूर धड बाहेर पडत नाही.

फॅक्स कुठे तुटतो यावरून बरंच कळतं. सुरुवातीच्या शिट्ट्या होऊन लगेच कॉल पडत असेल, तर संशय टी.३८ वर, म्हणजे फॅक्स डेटा म्हणून पाठवायच्या पद्धतीवर दोन्ही टोकांचं जमलं नाही यावर, घ्यायचा. तुमचा पानाच्या मध्यात तुटतो, म्हणजे बहुधा तो साध्या आवाजासारखाच जातोय आणि वाटेत पॅकेट गळताहेत.

टी.३८ हा त्यासाठीच केलेला, १९९८ सालचा आयटीयूचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा, मानक. यात गेटवे मशीनचा सूर ऐकून त्यातला मजकूर काढतो, डेटा म्हणून पाठवतो आणि पलीकडचा गेटवे त्याचा पुन्हा सूर करतो. शिवाय प्रत्येक पॅकेटसोबत आधीच्या पॅकेटची प्रत जोडता येते, एखादं गळलं तरी भागतं. अडचण अशी की वाटेतल्या सगळ्यांनाच टी.३८ यायला हवं, आणि नाशिकहून जपानला जाणारा कॉल बऱ्याच हातांतून जातो. म्हणून सेवा देणाऱ्यांना ईमेलवर नेमकं विचारा : आंतरराष्ट्रीय कॉलवर टी.३८ शेवटपर्यंत मिळतं का? तोंडी ‘हो हो, सपोर्ट आहे’ यावर जाऊ नका.

‘नाही’ असं उत्तर आलं तर फॅक्सच्या पोर्टवर फक्त जी.७११ ए-लॉ हा आवाज फारसा न दाबणारा कोडेक ठेवा, बाकीचे कोडेक काढून टाका. सायलेन्स सप्रेशन (शांतता असताना पॅकेट न पाठवणं) बंद. एको कॅन्सलेशन (प्रतिध्वनी काढणं) हेही बंद. जिटर बफर, म्हणजे मागेपुढे येणारी पॅकेट थोडी थांबवून सरळ करणारा साठा, ‘अडॅप्टिव्ह’ असेल तर ‘फिक्स्ड’ करा, कारण बोलण्यासाठी तो मधेच लहान-मोठा होतो आणि नेमका तो झटका मॉडेमला सोसत नाही. राउटरमध्ये एसआयपी एएलजी (इंटरनेट कॉलच्या पॅकेटमध्ये फेरफार करणारी सोय) चालू असेल तर तेही बंद करा. आणि आवारातले सीसीटीव्ही त्याच फायबरवरून क्लाउडला चित्रण चढवत असतील, तर राउटरमध्ये गेटवेच्या पॅकेटना आधी वाट द्या.

आता मशीनकडे वळू. वेग सेकंदाला १४,४०० बिटवरून ९,६०० वर आणा. पान जायला थोडा जास्त वेळ लागेल, लागू दे. ब्रदर कंपनीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये यासाठी ‘बेसिक (फॉर व्हीओआयपी)’ असा तयार पर्यायच असतो, आणि तो निवडा म्हणून कोणीही सांगेल. मी तुम्हाला सांगणार नाही. त्याने वेग उतरतो, पण सोबत ईसीएम, म्हणजे चूक सुधारून घेण्याची सोयही बंद होते. ईसीएम चालू असताना समोरचं मशीन खराब आलेले तुकडे पुन्हा मागून घेतं. लाइन वाईट असेल तर मागत बसतं आणि शेवटी कॉल सोडतं. बंद केलं की पान पोहोचतं, पण मधल्या काही ओळी खाऊन.

पत्र असेल तर चालून जातं. तुमचं ड्रॉइंग आहे. स्टँडर्ड रिझोल्यूशनला एका मिलिमीटरमध्ये चारही ओळी पुऱ्या बसत नाहीत, म्हणजे ०.०५ मधला अर्ध्या मिलिमीटरचा दशांश ठिपका जेमतेम दोन ओळींचा. त्या दोन ओळी गळल्या आणि तिकडच्या माणसाने उरलेले आकडे वाचून जॉब लावला, तर पुढचं तुम्हाला मी काय सांगू? अर्धवट पोहोचण्यापेक्षा तुटलेला फॅक्स परवडला. तो निदान रिपोर्टवर ‘एरर’ छापतो. म्हणून ईसीएम चालू ठेवा, रिझोल्यूशन ‘फाइन’ करा आणि वेग उतरवा. ९,६०० लाही तुटलं तर ४,८०० करून बघा.

चाचणी आधी नाशकातल्याच एखाद्या फॅक्सवर करा, जपानला नंतर. इथे नीट गेला आणि तिथे तुटला, तर दोष तुमच्या आवारात नाही, पुढच्या वाटेवर आहे. मग दोन्ही ट्रान्समिशन रिपोर्ट ईमेलला जोडून सेवा देणाऱ्यांकडे कॉलचा मार्ग बदलून मागा. तेही जमलं नाही तर एकच तांब्याची लाइन फॅक्सपुरती परत घ्या, तुमच्या गल्लीत अजून मिळत असेल तर.