लोक ऐकून घेतात, पण तपासणीला येत नाहीत

प्रश्न : मी आशा स्वयंसेविका आहे. वर्षभरात गावात क्षयरोगावर तीन सभा घेतल्या, भित्तिपत्रके लावली, थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते हेही वारंवार सांगितले. सगळे माना डोलावतात. परंतु दोन-दोन महिने खोकणारी माणसेही तपासणीला येत नाहीत. प्रशिक्षणात आम्हाला आरोग्यशिक्षणाची ‘मॉडेल्स’ सांगितली होती. त्यांचा इथे काही उपयोग आहे का?
— एक वाचक, वाशीम जिल्हा

उत्तर : उपयोग निश्चित आहे, कारण त्यांतले सर्वांत परिचित मॉडेल नेमक्या आपल्याच प्रश्नातून जन्मले. 1950 च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने क्षयरोग शोधण्यासाठी छातीच्या एक्स-रेची मोफत सोय केली होती, तपासणीच्या गाड्या लोकांच्या वस्तीपर्यंत नेल्या होत्या, तरीही पुष्कळ लोक फिरकत नव्हते. गॉडफ्रे हॉकबाम या मानसशास्त्रज्ञाने तीन शहरांतील बाराशेहून अधिक प्रौढांना त्यामागची कारणे विचारली. आपल्यालाही क्षयरोग होऊ शकतो आणि तो लवकर कळल्यास फायदा होतो, या दोन्ही गोष्टी ज्यांना पटल्या होत्या, त्यांच्यापैकी 82 टक्के लोकांनी स्वतःहून एक्स-रे काढून घेतला होता. ज्यांना दोन्ही पटल्या नव्हत्या, त्यांच्यात हे प्रमाण 21 टक्के होते. या कामातून ‘हेल्थ बिलीफ मॉडेल’, म्हणजे आरोग्यविषयक धारणांचे प्रतिमान, आकाराला आले.

या प्रतिमानानुसार माणूस मनाशी काही हिशेब करतो: हा आजार मला होईल का, झाला तर किती बिघडेल, तपासणीने काय साधेल आणि त्यासाठी मला काय सोसावे लागेल. आपल्या सभांनी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे दिली असावीत. चौथा प्रश्न मात्र सभेत कोणी मोठ्याने विचारत नाही. मुलीला क्षयरोग असल्याचे कळले तर तिची सोयरीक मोडेल, ही भीती आई चारचौघांत कशी बोलून दाखवील? थुंकीची डबी घेऊन जाताना कोणी पाहील, दवाखान्यापायी एका दिवसाची मजुरी बुडेल, हेही खरेच अडथळे आहेत. म्हणून लोकांना अडाणी किंवा बेफिकीर समजू नये, असे मला मनापासून वाटते. पुढे 1988 मध्ये या प्रतिमानात ‘हे मला जमेल’ या विश्वासाचीही भर घातली गेली. सहा महिने गोळ्या घ्यायच्या असतील, तर तो विश्वास फारच मोलाचा ठरतो.

आरोग्यशिक्षण आणि आरोग्यसंवर्धन यांतला फरकही येथेच कळतो. शिक्षणाने माहिती, समज आणि कौशल्य मिळते. परंतु आरोग्यसंवर्धनावरील पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडल्या गेलेल्या 1986 च्या ओटावा सनदेने (जाहीरनाम्याने) आरोग्यसंवर्धनाची व्याप्ती पुष्कळ मोठी मानली असून, त्यात व्यक्तिगत कौशल्यांच्या जोडीला पूरक धोरणे, अनुकूल परिसर, लोकसमूहाचा सहभाग आणि आरोग्यसेवांची नवी दिशा यांचाही समावेश आहे. मजुरी बुडण्याची अडचण भित्तिपत्रकाने सुटत नाही. नमुना घरूनच नेण्याची व्यवस्था झाली, तर ती सुटू शकते.

आपल्याकडे याचे उत्तम उदाहरण जामखेडचे आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने 1970 मध्ये तेथे काम सुरू केले, तेव्हा गावकऱ्यांची पहिली निकड औषधांची नव्हती, ती अन्नपाण्याची होती. त्यांनी तेथूनच सुरुवात केली. पुढे गावातल्याच, बहुतेक निरक्षर असलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. आपल्यातलीच बाई सांगते आहे, याचे वजन बाहेरच्या तज्ज्ञाच्या भाषणापेक्षा वेगळे असते, आणि आशा म्हणून आपल्याकडे ते आधीपासूनच आहे.

तेव्हा चौथी सभा तूर्त थांबवावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असलेल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन, माहिती सांगण्यापूर्वी “दवाखान्यात जायला काय अडचण आहे?” एवढेच विचारावे आणि उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे. उपचार पूर्ण करून बरे झालेले कोणी गावात असेल आणि त्यांची स्वतःची तयारी असेल, तर त्यांना सोबत न्यावे. अडचणींची नोंद ठेवून ती आरोग्य उपकेंद्राच्या बैठकीत मांडावी, कारण त्यांतल्या काही अडचणी दूर करणे रुग्णाच्या नव्हे, तर यंत्रणेच्या हातात आहे.