पॅरोलवर आलेला मुलगा कामाला का लागत नाही?

“मॅडम, पोरगं कामाचं नावच काढंना. आत राहून आळशी झालंय जणू.” पॅरोलवर, म्हणजे शिक्षा संपायच्या आत तात्पुरतं सुटून, घरी आलेल्या मुलांसोबत मी काम करते. त्यांच्या आया मला हे हमखास ऐकवतात. म्हणून सागरची गोष्ट सांगते. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)

सागर 24 वर्षांचा. गावातल्या मारामारीत 5 वर्षांची शिक्षा झालेली, त्यातली 2 कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात काढलेली. मे 2020 मध्ये कोरोनामुळे सरकारने नियम बदलला आणि 7 वर्षांपर्यंतची शिक्षा असलेल्यांना तातडीचा पॅरोल मिळू लागला, तेव्हा तो घरी आला. आधी 45 दिवस, मग 30-30 दिवसांची वाढ, आणि दर 30 दिवसांत पोलीस ठाण्यात हजेरी. पॅरोलचे दिवस शिक्षेत धरत नाहीत. घरी कितीही राहिला तरी उरलेली 3 वर्षं तशीच. आईला हे माहीतच नव्हतं. तिला वाटत होतं, शिक्षा घरबसल्या फिटतेय.

टाळेबंदीत सगळं बोलणं फोनवरच. पहिल्याच फोनला मी पुस्तकी प्रश्न टाकला, “वर्षभरानं तू कुठं असशील असं वाटतं?”

“कळंब्यात, नाहीतर हितंच. साहेब सांगतील तसं.”

माझा प्रश्नच चुकला होता. ज्याला पुढच्या महिन्याची खात्री नाही, त्याला मी वर्षाचं विचारत होते. म्हैस घेऊ म्हटलं की तो गप्प बसायचा, मामाच्या दुकानात चार दिवसांवर टिकला नाही. अर्ध्यावर सोडून जावं लागेल असं काही त्याला सुरूच करायचं नव्हतं.

मग आम्ही उलटीकडून धरलं. या हजेरीपासून पुढच्या हजेरीपर्यंत काय पुरं होईल? तुरुंगात तो सुतारकाम शिकला होता आणि घरी आजोबांचा रंधा पडून होता. पहिलं काम चुलतीच्या न्हाणीघराचं दार, खालून कुजलेलं, बिजागरी निसटलेली. आठ दिवस लागले. पैसे कसले मिळतात, चुलतीच ती! पण ते दार गल्लीतून दिसायचं.

गिऱ्हाइकाला काय सांगायचं, यावर आमचे तीन फोन गेले. गावाला सगळं ठाऊक असतं, तरी आपल्या तोंडानं म्हणणं जड जातं. शेवटी त्यानंच वाक्य बसवलं, “मी पॅरोलवर हाय. महिन्यात हुतंय तेवढंच काम घेतो.” लोकांना ते चाललं. नाहीतरी सांगितल्या दिवशी काम हातात देणारा सुतार मिळतो कुठं?

मधेच बहिणीचं जमत आलेलं लग्न मोडलं. पंधरा दिवस त्यानं हत्याराला हात लावला नाही. माझ्याकडे त्यावर उपाय नव्हता. मी फोन करत राहिले, एवढंच.

2022 मध्ये परत हजर व्हायचा निरोप आला. हातातला एक देव्हारा त्यानं आदल्या रात्री जागून पुरा केला.

तो गेल्यावर महिन्याभरानं आईचा फोन आला. रंध्याचं पातं गंजू नये म्हणून खोबरेल लावलं तर चालतं का, हे तिला विचारायचं होतं.